म्हणे लावून वाचणं

इंग्रजी उतारा वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, एवढ्याशा गोष्टीपायी माझं अख्खं वर्ष गेलं. समाजकार्याच्या एम.ए.ची प्रवेश परीक्षा पहिल्यांदा दिली तेव्हा बाकी सगळं बरं गेलं होतं, उताऱ्यांनी घात केला. घरी ठरलं, अजून एकदा बसू दे. नाही जमलं तर तारापूरच्या कंपनीत पॅकिंगला जायचं. चुलतबहीण जातच होती. तिथे एकदा चिकटलं की पुन्हा पुस्तकाकडे कोण वळतंय? मला त्याची भीती वाटायची, जेवण गोड लागायचं नाही.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगरात. नोटबंदीनंतरच्या उन्हाळ्यात मी एसटीने डहाणूला एका मॅडमकडे इंग्रजीसाठी जाऊ लागले. त्या घरी गुजराती, बाजारात मराठी आणि वर्गात इंग्रजी बोलायच्या, तिन्हींत सारख्याच कडक.

एका उताऱ्यात होतं की पावसाळ्यात मच्छीमार रिकामे बसतात. प्रश्न होता, लेखकाच्या मते मच्छीमार पावसाळ्यात काय करतात? मी ‘जाळी दुरुस्त करतात’वर खूण केली.

“हे उताऱ्यात कुठे आहे?” मॅडमनी विचारलं.

“उताऱ्यात नाही, चिंचणीत आहे,” मी म्हटलं. माझी मैत्रीण समुद्रकाठच्या चिंचणीची. भर पावसात तिच्या ओट्यावर जाळी पसरून बसलेली माणसं मी स्वतः बघितली होती. रिकामे बसतात म्हणे, काहीही लिहायचं आपलं.

वर्गात खसखस पिकली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तू वाचत नाहीस, भांडतेस.” आता ते खरंच होतं. कुणी चुकीचं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं, अजूनही फिरतं.

मग त्यांनी उपाय सांगितला. “शेजारीण काही सांगून गेली की तू आईला कसं सांगतेस? अमक्याचं लग्न मोडलं म्हणे. खरं-खोटं तिचं तिला ठाऊक. तसंच प्रत्येक वाक्याला म्हणे लाव आणि पुढे चल.”

मी घरी मोठ्याने उतारे वाचायचे, मराठी करून, म्हणे लावून. मधमाश्या नाचून दिशा सांगतात म्हणे. कुठल्याशा राजाने मिठावर कर बसवला म्हणे. आई तांदूळ निवडता निवडता चिडवायची, “या पोरीला शिकायला पाठवलं की चुगल्या करायला?” बाबा चिकूच्या वाडीतून तोडणीचं काम करून यायचा, पाय धुवायचा आणि ओट्यावर टेकत विचारायचा, “आज काय म्हणे?” त्याला मधमाश्यांचं फार आवडलं होतं, ते त्याने दोनदा सांगायला लावलं. माझी उत्तरं बरोबर यायला लागली. चीड काही गेली नाही, फक्त गप्प बसायला शिकली.

परीक्षा वसईला होती. बाबा सोबत आला, माझा डबा घेऊन गेटबाहेर बसला.

शेवटचा उतारा आमच्यावर होता. म्हणजे आमच्यासारख्या पाड्यांवर. मुलं शाळा का सोडतात, तर आईबापांना शिक्षणाची किंमत नसते. लेखकाच्या मते मुख्य कारण कोणतं, असा प्रश्न, आणि पर्यायांत शाळेची वाट, न येणारे मास्तर, आईबापांची बेपर्वाई, सगळं होतं.

माझा हात थांबला. आमच्या पाड्याच्या आणि शाळेच्या मध्ये ओहोळ आहे. पावसाळ्यात बाबा मला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचा. गणवेश पिशवीत, पिशवी त्याच्या दातांत. पलीकडे गेल्यावर मी कपडे बदलायचे. कितीदा तरी शाळेला कुलूप असायचं. मग तो तसाच मला परत आणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचा. मला त्या कागदाचे तुकडे करावेसे वाटले. पण तारापूरही डोळ्यांसमोर होतं. मनात म्हटलं, आईबापांना किंमत नसते म्हणे. आणि तो गोल काळा केला.

बाहेर बाबाने विचारलं, “काय म्हणे?” मी म्हटलं, भूक लागलीय.

निकाल लागला, प्रवेश मिळाला. आईने पाड्यात सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी बाबा ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “त्या दिवशी उताऱ्यात काय होतं ते राहिलंच सांगायचं.”

मी सांगितलं. काय लिहिलं होतं तेही, आणि मी काय उत्तर दिलं तेही. तो पायाचा चिखल खरवडत ऐकत होता.

“पण तू म्हणे लावलंस ना?”

“मनात लावलं. तिथे नुसता गोल काळा करायचा असतो बाबा, म्हणे लिहायला जागा नसते.”

त्याने दुसरा पाय खरवडायला घेतला. मग म्हणाला, “म्हणजे त्यांना ते तुझंच बोलणं वाटलं असेल.”