आठवं नाव

लव्होन ट्वेट ही एल्मक्रीकच्या हायस्कूलमधली स्वयंपाकीण. सव्वीस वर्षं त्याच स्वयंपाकघरात. गावातल्या कोणत्या पोराला गाजर चालत नाही आणि कोण दुसऱ्यांदा ताट पुढे करतं, हे तिला तोंडपाठ. स्वतः मात्र शाळा सुटल्यापासून तिने पेनाला हात लावला तो फक्त किराणा मागवायला.

ऑगस्टमध्ये शेजारच्या सोल्हाइमांची ब्रिटा वाढपाच्या खिडकीशी रडवेली होऊन उभी राहिली. शाळेतच कॉलेजचा निबंधलेखनाचा वर्ग भरायचा होता. शिकवणार शाळेचेच हॉगनसर, पण गुण लागणार कॉलेजचे. विद्यापीठाच्या अर्जात असा विषय दिसला की वजन पडतं, शिवाय पुढे तो पुन्हा घ्यावा लागत नाही. पण कॉलेजला किमान आठ नावं हवी होती, आणि झाली होती सात.

"तुम्ही बसा ना, लव्होनबाई! मोठ्यांनाही चालतं."

"डोकं फिरलंय का तुझं? मी निबंध लिहू?"

"दहाव्या दिवशी नावांची मोजणी होते. तोवर बसा, मग खुशाल सोडा."

पोरीचा चेहरा बघून लव्होन विरघळली. दुपारची भांडी जोडीदारणीच्या गळ्यात घातली, ॲप्रन काढला आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. पोरं फिदीफिदी हसली. एकाने विचारलंही, "आज काय, गृहपाठ वाढणार का?"

"वाढीन. आणि संपवल्याशिवाय उठू देणार नाही," ती म्हणाली.

पहिला निबंध होता आपल्या कामावर. बर्फात किराण्याचा ट्रक अडकला तर ऐंशी पोरांना काय रांधायचं, ते तिने लिहिलं. कागद परत आला तो 'डी' घेऊन. खाली हॉगनसरांचा शेरा : 'ही यादी झाली. तुम्हाला काय वाटतं, ते कुठे आहे?'

लव्होनचा असा संताप झाला! यांना काय करायचंय माझ्या वाटण्याशी? दोन दिवस ती धुमसत होती. तिसऱ्या दिवशी घरी टेबलाशी बसली आणि लिहिलं, की सव्वीस वर्षांत या शाळेत मी एकदाही बसून जेवलेले नाही. मग हात थांबेना. दोन पानं भरली. वाचून पाहिलं तेव्हा तिला चक्क आनंद झाला. वर्ग सोडायचा विचार तिने सोडूनच दिला.

दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ब्रिटा खिडकीशी आली. "मी नाव काढून घेतेय. मला 'बी' मिळालाय."

"मग वाईट काय त्यात?"

"कॉलेजचे गुण कायमचे राहतात हो! आज सोडलं तर कुठे नोंदसुद्धा होत नाही. शाळेच्या साध्या वर्गात मला 'ए' ठेवलेला आहे."

"अगं, मग सातच उरतील. वर्ग बंद पडेल."

"मुलांना मी सांगितलंय. चिडलेत, पण काय करू?"

"आणि मी?" लव्होनच्या तोंडून निघून गेलं.

ब्रिटा गोंधळली. तिच्या मनात खोट नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं. "पण तुम्हाला कुठे अर्ज करायचाय, लव्होनबाई?"

लव्होनने तिच्या ताटात कुस्करलेला बटाटा वाढला, वर रस्सा घातला. मागे रांग खोळंबली होती. मनात मात्र ते वाक्य सलत राहिलं.

दुपारी दोनला वर्गाच्या दारावर चिठ्ठी लागली. पोरं कुरकुरत व्यायामशाळेकडे गेली. हॉगनसर कागद आवरत होते. लव्होनने ती दोन पानं त्यांच्यापुढे ठेवली.

"वर्ग बंद झाला, लव्होन," ते अवघडून म्हणाले. "याचे गुण आता कुठेच लागणार नाहीत."

"माहितीये मला," ती म्हणाली. "तरी तपासा. आणि ओळखीची म्हणून भीड नको, लाल पेन घ्या."