बाटल्यांवरची छत्री

गयाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या स्वतः भर उन्हात चालत होत्या आणि छत्री मात्र बाटल्यांच्या क्रेटवर धरलेली होती. बाटल्यांत आमच्या सहकारी संस्थेचं जिवाणू-खत असे. पेरणीआधी ते बियाण्याला चोळायचं. मग जिवाणू मुळांवर गाठी धरतात आणि पिकाला नत्र पुरवतात. मी तिथल्या लॅबमध्ये नवी, इंग्रजी शाळेतली, गरजेपुरतंच बोलणारी. बाटल्या धुणं, भरणं, गावोगाव पोचवणं गयाबाईंकडे.

"मॅडम, उनात हे मरतेत म्हंता. पर कावून?" त्यांनी एकदा विचारलं.

मी अडखळत सांगितलं. उन्हातली अतिनील किरणं दिसत नाहीत, पण पेशीत शिरतात. त्यांच्यामुळे आतला प्राणवायू उग्र होतो. पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, समोर येईल त्याची नासधूस करतो. थोडा असला तर पेशी त्याला आवरते. फार झाला की हरते.

"म्हंजी बैलावानी," गयाबाई म्हणाल्या. "वेसण हाय तवर कामाचा. तुटली, की मालकाच्याच घरात शिंगं मारतो."

कॉलेजात मला हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. आधीच्या हंगामात एका गावच्या तुरीला गाठीच धरल्या नव्हत्या. संचालकांनी बजावलं, "तुमची बाटलीच मेलेली असंल. औंदा बी तसंच झालं, तर लॅबला कुलूप." पेरणीच्या तोंडावर आम्ही दोघी त्या गावी गेलो. पाहतो तर माळवदांवर खत चोळलेलं बियाणं कुरडया-पापडांसारखं कडक उन्हात पसरलेलं!

पारावर माणसं जमली. माझ्या तोंडून "अतिनील" एवढाच शब्द फुटला.

"ओ मॅडम, बैलाचं सांगा की!" मागून गयाबाई ओरडल्या.

लोक हसले. मीही हसले, आणि मग वेसण, शिंगं, घर, सगळं सांगून टाकलं.

"मंग वाळवायचं कुठं?" एका आजोबांनी विचारलं.

"तुमी दुपारी झोपता तिथं, सावलीत," गयाबाई म्हणाल्या.

"आन् आमी कुठं झोपावं?"

"उनात. तुमी काय जिवाणू न्हाई!"

बियाणं सावलीत आलं. पाऊस जेमतेमच झाला. तरी काही आठवड्यांनी गयाबाईंनी त्या गावचं तुरीचं रोप मातीसकट संचालकांच्या टेबलावर ठेवलं आणि मुळावरची गाठ नखानं फोडली. आत लालसर, ओली. "मेलेलं असं असतं का, सायेब?"

लॅब राहिली.

गयाबाई निवृत्त झाल्या, तेव्हा आम्ही त्यांना नवी छत्री दिली. फाटकाबाहेर पडताच त्यांनी ती उघडली. मला बरं वाटलं. मग दिसलं, की त्यांच्या हातातल्या पिशवीत स्वतःच्या शेतासाठी घेतलेल्या दोन बाटल्या आहेत आणि छत्री त्या पिशवीवर आहे.

"गयाबाई, डोक्यावर धरा!" मी ओरडले. त्या आवारात इतक्या मोठ्यानं मी कधीच बोलले नव्हते.

त्या वळून हसल्या. "माझी वेसण घट हाय, पोरी!"