कॅप्टनची काच

गल्लीत त्याला सगळे कॅप्टन म्हणत. स्टुलावर चढलं तरी ज्याला गरगरतं, जो जन्मात कधी विमानात बसला नाही, त्याला कॅप्टन म्हणणं हा लोकांचा निव्वळ चावटपणा होता. पण त्याने तो मोठ्या मनाने बढती म्हणून स्वीकारला होता. पोटासाठी तो गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवायचा. उरलेला वेळ, आणि बायकोच्या मते तिच्या वाट्याचाही वेळ, प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडण्यात जायचा.

विमान काय, कोणीही जोडेल, असं त्याचं मत. खरी कसोटी कॅनोपीची, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाची. कॅप्टन तिला नुसतं 'काच' म्हणायचा. काच कसली, बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. त्यावरची चौकट तेवढी रंगवायची आणि मधली तावदानं लख्ख ठेवायची. त्यासाठी तो सगळ्या काचेवर चिकटपट्टी लावायचा, चौकटीपुरती ती ब्लेडने कापून काढायचा, रंग द्यायचा आणि मग श्वास रोखून उरलेली पट्टी सोलायचा. त्या वेळी घरात कोणी शिंकायचं नाही असा दंडक होता. बायकोने एकदा नेमकं तेव्हाच कपाट उघडलं होतं. त्याचा उद्धार अजून होतो.

दुसरा दंडक गोंदाचा. काच पांढऱ्या गोंदानेच बसवायची आणि निवांत वाळू द्यायची. तो झटपट चिकटणारा गोंद वापरलात तर त्याची वाफ धरते आणि काच धुरकट होते, कायमची. हे ज्ञान त्याने नंबरप्लेट करायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही फुकट वाटलं होतं. त्यातल्या कोणीही ते मागितलं नव्हतं.

अशा माणसाला देवाने जावई दिला तो खराखुरा वैमानिक. छोट्या विमानातून तो डोंगरापलीकडच्या गावांना औषधं आणि टपाल पोचवायचा. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला तेव्हा कॅप्टनने त्याला कपाटापुढे उभं केलं. जावयाने सगळी विमानं नीट बघितली आणि म्हणाला, "छान आहेत खेळणी."

खेळणी. कॅप्टनच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या लग्न लागलं तरी उतरल्या नाहीत. म्हणून आता लेक-जावई येणार म्हटल्यावर त्याने जावयाचंच विमान बनवायला घेतलं. आतल्या बाहुल्याला जावयासारखी मिशीसुद्धा काढली. त्याला एवढंच हवं होतं, की त्या माणसाने ती काच बघावी आणि खेळणं सोडून दुसरा कुठलाही शब्द काढावा.

"अहो, ते जेवायला येतायत, तपासणीला नाही," बायको म्हणाली.

"खरी नजर लागते त्याला. तुला नाही कळायचं."

"नजर असती तर तुमच्याशी लग्न केलं असतं का मी?"

चौकटीची एक रेषा केसभर जाड वाटली म्हणून त्याने तीनदा खरवडून रंगवली. त्यामुळे काच चिकटवायची राहिली ती ऐन रविवार सकाळपर्यंत. पाहुणे संध्याकाळी येणार होते, तोवर पांढरा गोंद सहज वाळला असता. पाहुणे दुपारी जेवायलाच हजर झाले. दारात लेकीचा आवाज आला आणि कॅप्टनच्या तोंडचं पाणी पळालं. कपांचे तुटलेले कान जोडायला बायकोने ठेवलेला झटपट गोंद त्याने खणातून काढला. दोन थेंबांनी काय होतंय, असं तो स्वतःला म्हणाला. हेच वाक्य बोलणाऱ्या लोकांना तो आयुष्यभर हसत आला होता.

ताटं वाढून झाल्यावर त्याने विमान टेबलाच्या मधोमध आणून ठेवलं. काच झगझगत होती. लेक "अय्या, मिशी बघ," म्हणून हसली. जावई वाकून बघू लागला आणि कॅप्टनने चौकटीवरचं भाषण सुरू केलं. भाषण रंगात आलं तशी काचेच्या कडेने पांढुरकी वाफ वर चढली. आधी मिशी गेली, मग बाहुला गेला. कॅप्टन मधेच थांबला आणि ताटाकडे बघत बसला. बायकोलासुद्धा टोमणा मारावासा वाटला नाही, यावरून प्रसंग किती बाका होता ते कळावं.

जावई मनाने चांगला होता. सासऱ्याची लाज राखायला तो पुढे सरसावला.

"बाबा, आता तर ते हुबेहूब झालं. खरंच सांगतो. परवा खिंडीत अस्संच होतं, समोरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नुसते यंत्रांचे काटे बघत विमान खाली आणलं."

कॅप्टनला हवा होता तो शब्द मिळाला. पण त्याच्याकडे लक्ष कोणाचं होतं?

"ढग असले की उडत नाही म्हणाला होतास," लेक म्हणाली.

"औषधं होती गं. पोचवायलाच हवी होती."

"मला तर दर वेळी सांगतोस, आभाळ साफ होतं म्हणून."

लेकीने ताट सरकवलं आणि उठून बेसिनकडे गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. कॅप्टन त्या पांढऱ्या काचेकडे बघत होता. आत मिशीवाला बसलाय हे त्याला माहीत होतं, त्यानेच बसवला होता. या माणसाकडून आपण काय मागत होतो याची त्याला लाज वाटली.

निघताना जावयाने विमान उचललं. "हे मी नेऊ का, बाबा?"

"नाही." कॅप्टनने ते काढून घेतलं. "ही काच फोडून काढतो. नवी आणतो, नीट बसवतो. सगळं लख्ख दिसायला लागल्याशिवाय मी त्याला सोडायचा नाही."

"अहो, खेळण्यासाठी एवढं काय," बायको हळूच म्हणाली.

"खेळणंच आहे," कॅप्टन म्हणाला. विमान त्याच्या डाव्या हातात होतं. उजव्या हाताने त्याने जावयाचं मनगट धरलं होतं, आणि खाली रिक्षा येऊन उभी राहिली तरी ते सोडलं नव्हतं.