डावा कोपरा

आमच्या गावच्या कबड्डी मंडळाचा चिटणीस मागच्या महिन्यात घरी आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, "बाई, स्मरणिकेत तुमचा लेख पायजे. मंडळाचे तीन डावे कोपरे, श्रेष्ठ कोण? तिघांचा बी खेळ बघितल्यालं आन् लिवता येनारं मानूस गावात तुमीच."

मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे गावात कुणाला दोन ओळी लिहून हव्या असल्या की माझं घर आठवतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण या शहाण्याने हा प्रश्न विचारला कुठे, तर आमच्या ओट्यावर, जिथे त्या तिघांपैकी दोघे समोरासमोर बसले होते. बाजेवर माझे वडील, आप्पा, वय ब्याऐंशी. खुर्चीत माझे यजमान, ज्यांना मी घरात "आवं" म्हणते आणि इथे "हे" म्हणणार आहे. आप्पांनी लगेच उशीखाली तंबाखूची पिशवी शोधायला सुरुवात केली. ती सोडून त्यांना वीस वर्षं झालीत. हे समोरच्या भिंतीवरची पाल बघत बसले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सात जणांच्या बचावात डाव्या टोकाला उभा राहतो तो डावा कोपरा. चढाईवाला आत येतो, नाचतो, टाळ्या घेतो. कोपऱ्यातला माणूस वाकून त्याच्या पायांकडे बघत असतो आणि एका क्षणात घोटा धरून त्याला मातीत बसवतो. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव चढाईवाल्याचं असतं. आमच्या गावाला मात्र चढाईवाल्यांचं कधी कौतुक नव्हतं. कराडपासून विट्यापर्यंत आमचं मंडळ ओळखलं जायचं ते डाव्या कोपऱ्यामुळे.

आप्पांचा खेळ मी उसाच्या ट्रॉलीत बसून पाहिला. बायकांना मैदानाच्या कडेला बसायची सोय नव्हती, म्हणून ट्रॉली आणून लावायचे. तेव्हा मैदान म्हणजे पाणी मारून चोपलेली माती. आप्पा घोटा धरायचे तो बोटांनी. एकदा धरला की चढाईवाला फरफटत न्यायचा, पण बोटं सुटायची नाहीत. त्यात उजव्या हाताची दोन बोटं अशी मोडली की आजही सरळ होत नाहीत. कपाचा कान त्यांना धरता येत नाही, म्हणून आमच्याकडे आप्पांचा चहा वाटीतून असतो.

यांचा खेळ वेगळा. हे थांबायचे. चढाईवाला अगदी कोपऱ्यात येऊन चिडवून जायचा, लोक ओरडायचे, "धर की रं," तरी हलायचे नाहीत. मग तो वळायचा, आणि वळताना त्याचा जो एक पाय जड पडतो, त्या पायावर हे मांडीसकट पडायचे. सगळा भार गुडघ्यांवर यायचा. तेव्हा माती कमी आणि मुरूम जास्त अशी मैदानं होती. मी गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी त्या गुडघ्यांना तेल चोळत आलेय, तेव्हा मला त्यांचा खेळ आतून ठाऊक आहे म्हणायला हरकत नाही.

तिसरा आत्ताचा, आमच्याच मंडळात तयार झालेला. मोठ्या शहराच्या व्यावसायिक संघातून मॅटवर खेळतो, पायात बूट, खांद्याला निळी पट्टी चिकटवलेली. तो नुसता धरत नाही, खांद्याने धडक देऊन चढाईवाल्याला रेषेबाहेर उडवतो. टीव्हीवर त्याचा सामना असला की आमच्या घरात भाजी करपते.

"ह्यो उड्या का मारतुय?" आप्पा म्हणतात.

"आवं मामा, मॅटवर तसंच लागतंय," हे म्हणतात. सासऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात.

"पाव्हणं, घोटा दिसतुय की समोर. धरायचा सोडून धडका कसल्या?"

अशी मी तिघांची तुलना करते, दुखण्यावरून. एकाची बोटं गेली, एकाचे गुडघे, एकाचा खांदा जाणार आहे. ज्यांनी नुसता खेळ पाहिला त्यांनी श्रेष्ठ कोण ते ठरवावं. मी तेल लावणारी बाई आहे.

पण खरी अडचण निराळीच होती, आणि ती त्या ओट्यावर चाळीस वर्षं बसून होती.

आमच्या मंडळात एक रीत होती. नवा कोपरा पहिला सामना खेळायला उतरला की त्याच्या कोपऱ्याची रेघ जुन्या कोपऱ्याने स्वतः मारायची. डब्याने नाही, मुठीतून चुन्याची फक्की सोडत. नव्याने ती चिमूटभर कपाळाला लावायची आणि उभं राहायचं. त्यानंतर कोपरा त्याचा.

हे शेजारच्या वाडीचे. सतरा-अठरा वर्षांचे असल्यापासून आप्पांकडे शिकायला यायचे. आप्पा यांना "गड्या" म्हणायचे आणि घरामागच्या परड्यात तासन् तास घोटा धरायला लावायचे, कधी स्वतःचा, कधी बैलाचा खुंटा. मग एका वर्षी विट्याच्या स्पर्धेत, अंतिम सामन्याच्या सकाळी, मंडळाने आप्पांना बसवलं आणि यांना उतरवलं. आप्पांना कुणी आधी विचारलं नव्हतं. फक्कीचा डबा त्यांच्या हातात दिला. आप्पांनी तो उघडला, मूठ भरली, थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग मूठ डब्यात मोकळी केली, डबा जमिनीवर ठेवला आणि स्टँडवर जाऊन एसटी धरून घरी आले. रेघ पंचांनी मारली. हे खेळले, मंडळ जिंकलं, रात्री गावात गुलाल उधळला. आप्पा परड्यात वैरण तोडत होते.

गावाने अर्थ काढला तो सरळ होता. म्हातारा चिडला. आमच्या घरात त्यावर कुणी बोललं नाही. आणि गंमत अशी की दोन-अडीच वर्षांनी आप्पा स्वतः वाडीला गेले आणि माझं लग्न यांच्याशी ठरवून आले. "पोरगं लय गुनाचं हाय," एवढंच आईला म्हणाले. म्हणजे मुलगी दिली, पण कोपरा दिला नाही. त्या दिवसापासून गड्या गेलं, पाव्हणं आलं.

यांनी त्याबद्दल मला लग्नानंतर एकदाच सांगितलं. "बाकी कायबी मिळालं न्हाई तर चाललं असतं. मामांच्या हातची रेघ पायजे हुती." नंतर सतरा करंडक आले घरी. हे करंडक पुसताना बघितलं की मला तेच वाक्य आठवायचं. आई गेल्यावर आप्पा आमच्याकडे राहायला आले, दोघे एका ताटाला बसू लागले, एकमेकांचं औषध कधी चुकू देत नाहीत. तरी ती एक रेघ मध्ये होतीच.

या पावसाळ्यानंतर यांचा डावा गुडघा बदलावा लागला. सांगलीच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया छान झाली. चालायला शिकवणारी एक तरुण मुलगी रोज यायची. तिसऱ्या दिवशी तिने पाऊल पुढे टाकून दाखवलं, "काका, असं," आणि यांचा हात एकदम तिच्या घोट्याकडे गेला. वॉकर आडवा झाला, मी किंचाळले, ती बिचारी दोन हात मागे. मग मी तिला समजावलं की बाई गं, यांच्या मनात तसलं काही नाही, समोर कुणी डावा पाय पुढे टाकला की यांचा हात जातोच. घरी आप्पांना सांगितलं तर ते खोकला लागेपर्यंत हसले. वर म्हणाले, "उशिरा गेला आसंल हात. तवा बी उशिराच जायाचा."

घरी आल्यावर मात्र हसणं संपलं. पहिल्याच दिवशी ओट्यावरून उतरताना यांचा तोल गेला. पडले नाहीत, खांब धरला. पण त्या दिवसापासून पाय उचलेनात. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या पायांवर नजर ठेवली, त्याचा स्वतःच्या पायावरचा भरवसा उडाला. चालायची वेळ झाली की "उद्या." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चाललं नाही तर गुडघा आखडेल, मग कायमची काठी. मी रागावले, गोड बोलले, जेवण बंद करायची धमकी दिली. बाहेरून तोंड चालू होतं, आतून मी पार घाबरले होते. हा माणूस असाच खुर्चीत म्हातारा होणार, आणि मला ते बघवणार नाही, हे मला रोज पहाटे जाग आल्या आल्या आठवायचं.

दवाखान्यातल्या मुलीने फोनवर उपाय सांगितला. अंगणात एक सरळ रेघ मारा, तिच्यावरून चालायला लावा, म्हणजे पाय भरकटत नाही. मी रांगोळीचा डबा काढला आणि ओट्यापासून तुळशीपर्यंत रेघ ओढली. हे बघून म्हणाले, "रांगोळीवर कुणी पाय देतंय व्हय? मास्तरीण झालीस तरी अक्कल न्हाई." बरोबरच होतं ते. मी चिडून रांगोळी झाडून टाकली. आप्पा बाजेवरून सगळं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा बाजेवर नव्हते. मी गल्लीभर शोधलं. तासाभराने ते मंडळाच्या खोलीकडून येताना दिसले, एका हातात काठी, काखेत गंजका डबा. मॅट आल्यापासून मंडळात फक्की लागत नाही, तो डबा तिथे कोपऱ्यात पडून होता. दम लागला होता. मी म्हणाले, "आप्पा, सांगितलं असतं तर मी आणला नसता?"

"तुला कशाला सांगायचं? त्ये काय तुझं काम हाय?"

त्यांनी डबा अंगणात ठेवला आणि काठी माझ्याकडे दिली. यांच्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी रागानं न्हाई गेलो."

हे खुर्चीत ताठ झाले.

"मूठ भरली, तर हात कापाय लागला. थांबंचना. रेघ वाकडी आली आसती. तुमचा पैला सामना, आन् कोपऱ्याची रेघ वाकडी? लोकं काय म्हनली आसती? म्हनून डबा ठेवला आन् गेलो."

"मग मामा, एवढी वर्सं..." हे म्हणाले.

"काय सांगायचं, रडाय आल्तं म्हनून?"

मी हातातल्या काठीला धरून उभी होते. चाळीस वर्षं गावाने, मी, आईनेसुद्धा, या माणसाला रागीट ठरवलं होतं. मला त्याच वेळी त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि दोन शब्द सुनवावेसेही वाटले.

आप्पा वाकले. वाकायला त्यांना किती वेळ लागला ते सांगत नाही. त्या दोन मोडक्या बोटांमुळे त्यांची मूठ पूर्ण मिटत नाही, फक्की नको तिथेही सांडत होती. ओट्याच्या पायरीपासून निघून त्यांनी अंगणभर रेघ आणली, मध्ये दोनदा माझ्या खांद्याला धरून उभे राहिले, आणि तुळशीपाशी तिला काटकोनात वळवून कोपरा केला. मग तसेच फक्कीच्या हाताने ओट्याकडे आले. यांना वाकून चिमूट उचलता येणार नव्हती. आप्पांनीच वाकड्या बोटाने यांच्या कपाळाला फक्की लावली.

"चल रं गड्या," म्हणाले. "कोपऱ्यात जाऊन हुबा ऱ्हा."

हे उठले. काठी मी पुढे केली, ती यांनी घेतली नाही, माझा खांदा धरला. पायरी उतरले. मला रडू आवरत नव्हतं आणि लपवायचंही नव्हतं. चिटणिसाला आता काय लिहून द्यायचं ते मला कळलं होतं, आणि त्याला ते छापता येणार नाही हेही.

पंधराएक पावलांची रेघ. ती दोन ठिकाणी चांगलीच वाकडी होती, एके ठिकाणी तर पार जास्वंदीच्या आळ्याकडे गेलेली. यांचा पाय अजून कच्चा, म्हणून मी म्हणाले, "आवं, सरळ चाला. रेघ सोडा."

"गप," हे म्हणाले. आणि जिथे रेघ वळली होती तिथे यांनी पाऊल वळवलं, जास्वंदीपर्यंत गेले, आणि तिथून परत रेघेबरोबर कोपऱ्याकडे आले.