खोलीतला खर्ज

“दुकानात गोड वाटलेला आवाज घरी आणू नये,” असं तो म्हणायचा, आणि ज्यांनी त्याचं ऐकलं त्यांचं भलंच झालं.

बेस गिटार वाजवणाऱ्या कुणाला ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, घ्यायचा असला की तो याला सोबत न्यायचा. हा दुकानात शिरायचा, एखादी खुर्ची ओढून ॲम्पपासून चांगला लांब बसायचा आणि म्हणायचा, “हं, वाजव. पण नुसता नको. तो कोपऱ्यात ड्रम बडवतोय ना, त्याच्याबरोबर वाजव.” दुकानात कुणी ना कुणी ड्रम बडवत असायचंच. त्या बडवण्यात भलेभले गडगडाटी ॲम्प मिठासारखे विरघळून जायचे. आणि एखादा नाकात बोलणारा, सर्दी झाल्यासारखा, एकट्याने पाच मिनिटंही ऐकवणार नाही असा ॲम्प मात्र सगळ्यांच्या मधून वाट काढत स्पष्ट कानावर यायचा. “हा घे,” हा म्हणायचा. “एकटा असताना भांडखोर वाटेल, पण चार जणांत नांदेल.”

बँडमध्ये त्याला खर्ज्या म्हणत. खर्ज म्हणजे सुरांचा तळ, बेस गिटारची जागा, आणि हा माणूस जन्मभर त्या तळाशी मुक्काम ठोकून बसलेला. पुढे केस पिकल्यावर नवी मंडळी ‘खर्जेकाका’ म्हणू लागली. एका कार्यक्रमात तर निवेदकाने स्टेजवरून ‘श्रीयुत खर्जे’ यांचे आभार मानले. त्याने उठून नमस्कार केला. खरं आडनाव सांगायला त्याने तोंड उघडलं नाही, आणि विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

पोटासाठी तो एका छापखान्यात मशीनवर होता. मशीन सुरू झालं की जमीन घुमायची, आणि ते घुमणं पायांतून वर चढत छातीपर्यंत यायचं. छापखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या लोकांना पगाराची काळजी लागली. त्यालाही लागली, पण सकाळी जाग आल्यावर त्याला आधी जाणवायचं ते पायाखालचं गप्प झालेलं जग. मग त्याच्याकडे बँड तेवढा उरला. लग्नं, कंपन्यांचे वार्षिक समारंभ, कुणाच्या निवृत्तीचे निरोप. बायको मुलीकडे दूरदेशी गेली होती, बाळाला दात येईपर्यंत म्हणून. दात आले. आता ते पडायलाही लागले होते.

त्याचा जुना ॲम्प म्हणजे एक कपाटच होतं. गाडीतून उतरवायला दोन माणसं लागत, एक ढकलायला आणि एक शिव्या द्यायला. ड्रम वाजवणारा पिंप, ज्याला हे नाव का पडलं ते सांगायची गरज नाही, दर वेळी विचारायचा, “काका, आत बिऱ्हाड कोण करून राहिलंय? त्याला म्हणावं, निदान उतरून चालत तरी ये.” हसत-हसत सगळे हात लावायचे. मग एका दुपारी जिन्यात त्याची पाठ धरली ती धरलीच. डॉक्टर म्हणाले, “उचलायचीच हौस असेल तर उशी उचला.”

दोन-तीन कार्यक्रम त्याच्यावाचून झाले. बँड चालवायचे ते मास्तर. ते कीबोर्ड वाजवत, आणि मिसरूड फुटायच्या वयापासून त्याचे मित्र होते. बँड या दोघांनीच उभा केलेला. मास्तरांनी नड म्हणून बेसचे सूर कीबोर्डवर डाव्या हाताने वाजवून नेले. पिंप त्याला भेटायला आला तेव्हा पलंगाच्या कडेला जपून टेकत म्हणाला, “काका, मास्तरांचा डावा हात चांगलाच चालायला लागलाय. चटक लागायच्या आत या.”

“लागली तर?”

“तर काय, गाडीत पाय पसरायला जागा!” पिंप मोठ्याने हसला. मग त्याचं हसणं मध्येच कुठेतरी अडकलं आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. “खरं सांगू का, पुढच्या महिन्यात कंपनीचा मोठा कार्यक्रम आहे. मास्तर म्हणालेत, त्यात खर्ज्या उभा राहिला तर राहिला. नाहीतर आपण तिघंच बरे.”

म्हणून नवा ॲम्प. हलका, एका हाताने उचलता येईल असा. हल्ली तसे निघालेत, आत जडशीळ लोखंड नसलेले.

या वेळी तो दुकानात एकटाच गेला. आता दुकानही बदललं होतं. ड्रमवाला कोपरा गेला होता आणि त्या जागी काचेची एक बंद खोली आली होती, तिच्या भिंतींना स्पंजासारखं काहीतरी चिकटवलेलं. विकणारी मुलगी हुशार होती. तिने तीन-चार ॲम्प मांडले आणि म्हणाली, “काका, फोनवर ड्रमचा ट्रॅक लावून देऊ का? त्याच्यावर वाजवून बघा.”

“नको,” तो म्हणाला. “मला जरा नुसता आवाज ऐकू दे.”

तिने दार लावून घेतलं. बाहेरचा रस्ता, दुकान, माणसं सगळं गप्प झालं. त्याने पहिल्या ॲम्पवर सर्वांत खालची तार छेडली, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. तिसऱ्याचा आवाज गोल होता. त्याला कड नव्हती, कोपरा नव्हता. तो यायचा आणि खोलीभर पसरून, भिंतींना टेकून, माणसाला मधे घेऊन बसायचा. तो किती वेळ वाजवत राहिला कोण जाणे. काचेबाहेर मुलगी दोनदा येऊन बघून गेली. शेवटी ती दार उघडून म्हणाली, “काका, चहा घेणार?” तेव्हा तो दचकला, कुणी झोपेतून उठवावं तसा.

“हा द्या,” तो म्हणाला.

घरी त्याने ॲम्प पलंगाशेजारी ठेवला. पूर्वी घरात वाजवणं म्हणजे चोरीच होती. खर्जाला भिंत अडवत नाही, तो जमिनीतून थेट खालच्याच्या ताटात जाऊन पडतो. खालच्या मजल्यावरच्या बाई झाडूचा दांडा छताला ठोकायच्या, आणि तोही बेताल, याचं त्याला जास्त दुःख व्हायचं. पण बाई घर सोडून गेल्या होत्या आणि खाली कुलूप होतं. आता कितीही वाजवा. पहिले काही दिवस तो एक लांब सूर लावायचा आणि हात थांबवून खालून ठोका येतो का ते ऐकायचा. मग तेही सुटलं. तो वाजवायचा, आवाज खोलीभर पसरायचा, आणि संध्याकाळ होऊन दिवा लावायचंही त्याला सुचायचं नाही.

रविवारी बायकोचा फोन आला. जेवलात का, गोळ्या घेता का, हे झाल्यावर तो म्हणाला, “थांब, तुला एक ऐकवतो.” त्याने फोन ॲम्पसमोर धरला आणि दुसऱ्या हाताने तारा वाजवल्या.

“ऐकू आलं?”

“काही नाही हो. नुसतं टकटक आली. कुणी दारावर आलंय का?”

“नाही. कुणी नाही.”

“मग बघा तरी उठून. तुम्हाला कधी ऐकू येतं बेल वाजलेली?”

फोनच्या त्या एवढ्याशा कर्ण्यात खर्ज मावत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी तो उठला, दार उघडून जिन्यात बघून आला, आणि फोनवर म्हणाला, “कुणी नव्हतं.”

तालमीची जागा म्हणजे मास्तरांच्या गाडीची खोली. गाडी बाहेर काढायची, की बँड आत. तो नवा ॲम्प एका हातात धरून आला तेव्हा पिंपाने काठ्या टाकून टाळ्या वाजवल्या. “काका, हा डबा घेऊन कुठे निघालात? जेवायला?” गाणाऱ्या बाईंनी पाठीची चौकशी केली. मास्तर जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आलास खर्ज्या. बरं झालं,” आणि हात तिथे जरा जास्तच वेळ राहू दिला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि तो नाहीसा झाला.

बोटं चालत होती, तारा हलत होत्या, ॲम्पचा लाल दिवा डोळे वटारून बघत होता, पण आवाज नव्हता. खोलीभर मावणारा तो गोल सूर ड्रमच्या पहिल्याच ठोक्याखाली गडप झाला. त्याने आवाज वाढवला, आणखी वाढवला. फळीवरचे रंगाचे डबे थडथडायला लागले, कुठलासा पत्रा करकरला. बाई कानावर हात ठेवून म्हणाल्या, “माझा सूरच हरवतोय हो. सगळं ढवळल्यासारखं होतंय.”

“काका, भूकंप येतोय,” पिंप ओरडला, “पण बेस काही येत नाहीये!”

सगळे हसले. तोही हसला. औषध काय ते तर त्यालाच माहीत होतं, त्यानेच इतकी वर्षं लोकांना दिलं होतं. खालचे सूर कापायचे आणि मधले उचलायचे. त्याने दोन बटणं फिरवली. आवाज लगेच चिरका झाला, नाकात बोलायला लागला. पण गाणं जागेवर आलं. पिंपाची मान डोलली, बाईंनी डोळे मिटले. मास्तरांनी डावा हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवला.

एक गाणं तसं झालं. त्याला ते सहन होत नव्हतं. हे माझं नाही, कुणा कर्कश माणसाने आपल्या बोटांतून बोलावं तसं त्याला वाटत राहिलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्याचा हात आपोआप मागे गेला आणि त्याने बटण थोडं फिरवलं. तिसऱ्यात आणखी थोडं. आवाज पुन्हा गोल झाला, पुन्हा त्याच्याभोवती येऊन बसला, आणि बँडमधून पुन्हा नाहीसा झाला. त्याने वर पाहिलं तेव्हा मास्तरांचा डावा हात मांडीवर नव्हता. पिंपाने पुढच्या गाण्याचा ठोका दिला.

चालत घरी येताना त्याला कळलं. ॲम्पमध्ये खोट नव्हती. इतकी वर्षं दुकानात लांब खुर्ची टाकून बसणारा जो कान होता, तो चार जणांत बसलेल्या माणसाचा होता. आता त्याचा कान बंद खोलीतल्या माणसाचा झाला होता. कुलूप लागलेल्या घराच्या वर बसून, नातवाचे दात मोजत, तो फक्त स्वतःला ऐकत आला होता, आणि त्याला तेच गोड लागायला लागलं होतं. जो लोकांना गोड आवाजापासून सावध करत फिरला, त्याचाच कान फितूर झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने बटणं मधल्या सुरांवर आणली आणि त्यांच्यावर चिकटपट्टी मारली. खालचे सूर जवळजवळ पुसून टाकले. मग कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत रोज त्याच आवाजात वाजवलं, तोंड वाकडं करत, कडू काढा घ्यावा तसं. हळूहळू त्यात त्याला इतरांसाठी सोडलेली जागा ऐकू यायला लागली. इथे ड्रम येईल. इथे बाई श्वास घेतील. इथे मास्तर.

कार्यक्रमाच्या दुपारी सभागृहात आवाजाची चाचणी होती. खुर्च्या रिकाम्या, झाडणाऱ्याने केलेले ओले पट्टे फरशीवर अजून वाळत होते. मागच्या टोकाला साऊंडवाला आपल्या टेबलापाशी बसला होता, असंख्य बटणांच्या मागे बूड टेकून. त्याने येऊन खर्ज्याच्या ॲम्पमधून एक वायर आपल्याकडे ओढून नेली, सभागृहाच्या मोठ्या कर्ण्यांसाठी.

“स्टेजवर अगदी बारीक ठेवा, बाकी मोठ्या कर्ण्यांतून जाईल. ॲम्प छोटा आहे काका, पण आवाज मस्त नाकात आहे,” तो म्हणाला.

“नाकातच पाहिजे,” खर्ज्या म्हणाला, आणि त्याला खूप दिवसांनी बरं वाटलं.

गाणं सुरू झालं. स्टेजवर सगळं नीट बसत होतं. पण बेसवाल्याला स्टेजवरून खरं कधीच कळत नाही. खर्जाची लाट लांब असते, ती पायाशी नाही, दूर जाऊन फुटते. म्हणून त्याने नेहमीची लांबलचक वायर लावली होती. वाजवत-वाजवतच तो पायऱ्या उतरला आणि खुर्च्यांच्या मधून मागे चालत गेला. चालता-चालता ऐकत होता. आणि शेवटच्या रांगेपाशी तो उभा राहिला.

बेस सुरेख बसला होता. ना जास्त, ना कमी. ड्रमच्या खांद्याला खांदा लावून, बाईंच्या आवाजाखाली पाट मांडल्यासारखा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणा, किंवा दिवा डोळ्यांवर होता म्हणा. तेवढ्यात वायर एका खुर्चीच्या पायात अडकली. ती सोडवायला तो वाकला, आणि त्याचा हात तारांवरून निघाला.

बेस चालूच राहिला.

तो वाकलेल्या जागीच थांबला. मग सरळ झाला. स्टेजवर मास्तर डोळे मिटून वाजवत होते, दोन्ही हातांनी. त्याने मुद्दाम एक भलताच सूर लावला, गाण्याच्या बाहेरचा, ज्याने बाईंनी मान वळवून बघितलंच असतं. कुणी बघितलं नाही.

तो साऊंडवाल्याच्या टेबलाकडे गेला. प्रत्येक बटणाखाली पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं होतं. ‘बेस’ लिहिलेल्या पट्टीवरची सरकपट्टी अगदी तळाला, म्हणजे बंद होती.

साऊंडवाल्याने पाहिलं की खर्ज्याने पाहिलंय. “काका,” तो घुटमळत म्हणाला, “मास्तरच म्हणाले. काकांना वाजवू दे, फक्त बाहेर सोडू नको. म्हणाले, त्यांना वाईट वाटायला नको.”

“एकदा उघडून बघतोस? एकच गाणं.”

साऊंडवाल्याचा हात सरकपट्टीकडे गेला, आणि तिथेच थांबला. त्याने स्टेजकडे बघितलं. “मास्तरांना विचारतो हं.”

“नको,” तो म्हणाला. “राहू दे.”

गाणं संपलं तेव्हा तो वायर गोळा करत पुन्हा स्टेजवर आला. मास्तरांनी घाम पुसत विचारलं, “काय खर्ज्या, मागून कसं वाटतंय?”

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे डोळे त्याच्या खांद्यावर होते, चेहऱ्यावर नव्हते.

“बेस छान बसलाय,” तो म्हणाला.

“बसलाय ना?” मास्तरांनी सुस्कारा सोडला. “चला रे, चहा आला असेल!”

सगळे चहाकडे वळले. पिंप स्टुलावरून उतरायच्या खटपटीत होता, बाई पदराने वारा घेत होत्या. त्याने ॲम्पचा आवाज शून्यावर आणला, मग वायर काढली, म्हणजे ती काढताना धप्प होत नाही. गिटार पिशवीत घातली आणि पिशवीची चेन शेवटपर्यंत ओढली. ॲम्प होता तिथेच राहिला.

“काका, इकडे! बिस्किटं संपवतायत सगळे!” पिंपाने कप उंचावून हाक मारली.

पिशवी खांद्याला लावून तो बाजूच्या पायऱ्या उतरला, दार ढकललं आणि काही न बोलता बाहेर पडला.