फौजी दादांची पदकं कुठे सापडली

अक्का, गुडघे कसे आहेत? सुरतचे मामा, खोकला थांबला का? नवापूरच्या सूनबाई, बाळाचा ताप उतरला ना? मी ठणठणीत आहे, आणि आज तर छातीवरचा दगडच उतरलाय.

माझे थोरले भाऊ, आपले फौजी दादा, जाऊन वर्ष होत आलं. उद्या गावच्या शाळेत त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. म्हणून सकाळी वहिनीकडे त्यांची पदकं मागितली, तर ती ओरडलीच,

"नाना, त्या ते कोटले व्हत्यात! आन् कोट मी भांडेवालीले दी टाका, पातेलासाठे!"

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई विसरवाडीच्या बाजारात सापडली. कोटही सापडला, पण पदकं नव्हती. ती म्हणाली, "बाबा, कोट असाच व्हता. तुमनी वहिनीनी पातेलं मात्र मोठंच लिधं!"

घरी येऊन दादांची काळी पेटी उपसली. तळाशी त्यांच्या लेकीचं झबलं निघालं. ती जन्मली तेव्हा दादा सीमेवर होते. वहिनीने टपालाने पाठवलेलं हे झबलं त्यांनी लेकीला पाहीपर्यंत वर्दीच्या खिशात बाळगलं होतं.

झबलं उलगडलं, तर आत पदकं!

वहिनी रडता रडता हसली, "दखा, त्यास्नी पदकंबी पोरना कपडामाच ठेवात!"

उद्या शाळेत पदकं झबल्यावरच मांडणार आहे. तुमच्याजवळ दादांची कोणती आठवण आहे? आजच लिहून पाठवा, पोरांना वाचून दाखवीन.