चिमाबाईचा इंग्रजी कळप

चिमाबाईला अक्षर येत नाही. पण तिच्या एकेचाळीस शेळ्यांपैकी एखादी नुसती खोकली, तरी ती कोण हे चुलीपुढून न उठता ती सांगते.

पोलादपूरच्या वर डांबरी रस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते. ती चढताना नवखा माणूस निदान दोनदा तरी बसतो. वाट संपते तिथे करंजमाळ नावाची सात घरांची वाडी आहे. वाडीच्या कडेला उभं राहिलं की खाली सावित्री नदीचं पात्र दिसतं. थंडीतल्या सकाळी तेही नाही. खाली सगळं धुकं आणि वर सात घरं, एवढंच जग उरतं. चिमाबाई या जगात लग्न होऊन आली तेव्हापासून शेळ्या राखते आहे. नवरा रायबा नाचणी-वरी पिकवतो. थोरला सुनील मुंबईला कामाला असतो. धाकटी संजीवनी त्या वर्षी रोज तासभर उतरून खालच्या गावातल्या शाळेत दहावीच्या वर्गात जाऊन बसायची.

त्या जानेवारीत पूर्वपरीक्षेत संजीवनीला इंग्रजीत ऐंशीपैकी चौदा गुण मिळाले.

"चौदा म्हंजी किती गो?" चिमाबाईने विचारलं.

"ऐंशी शेरडं चरायला सोडली आणि सांच्याला चौदाच घरी आली, असं समज."

चिमाबाईची भाकरी तव्यावरच राहिली. "आन् बाकीची?"

"बाकीची गेली, आये."

रायबा ओट्यावर बसून ऐकत होता. तो तापट माणूस नाही, पण बोलला की तोडून बोलतो. "बग संजे, दहावी निगाली तर म्हाडला जा, पुढचं शीक. नाय निगाली तर आयेच्या हातातली काठी घे. तिचं गुडघं आता चढ मानत नायत."

संजीवनीला महाडला जायचं होतं. अकरावी-बारावी करून पुढे जनावरांच्या दवाखान्यातलं शिक्षण घ्यायचं होतं. हे तिने आईखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आईला ते तिच्याहून जास्त हवं होतं.

त्याला कारण घरातच होतं. आढ्याखालच्या फळीवर औषधाची एक रिकामी बाटली चार वर्षं उभी होती. त्या पावसाळ्यात करडांना हगवण लागली होती. कुणीतरी खालून औषध आणून दिलं. बाटलीवर सगळं इंग्रजी. चिमाबाईने अंदाजाने मोठ्या शेळीला पाजतात तसं करडांना पाजलं. दोन दिवसांत नऊ करडं गेली. ती औषधाने गेली की आजाराने, हे कोणालाच सांगता आलं नाही. तेव्हा सहावीत असलेल्या संजीवनीने बाटली हातात घेऊन एक एक अक्षर जुळवलं, पण त्याचा अर्थ काही लागला नाही. "ऱ्हाऊ दे," चिमाबाई म्हणाली, आणि बाटली धुऊन फळीवर ठेवली. "घरातलं मानूस वाचंल, तवाच ही हितनं हलंल."

संजीवनीला इंग्रजी शिकवणाऱ्या वैशाली मॅडमनी तिला शब्दांची यादी दिली होती. एवढे शब्द अर्थासकट आले तर पास व्हायला अडचण नाही, असं त्यांचं म्हणणं. संजीवनी चुलीपाशी बसून घोकायची. एकच शब्द तीस वेळा म्हणायची आणि भाकरी उलटेपर्यंत विसरायची. चिमाबाईने हे चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी तिने विस्तव मागे ओढला.

"संजे, तू त्याला नुसती हाका मारतेस. त्याला धर कशाला तरी."

"शब्द हाय तो आये, त्याला धरणार कसा?"

"एवढी एकेचाळीस शेरडं हायत. कधी एकीचं तरी नाव इसरलीस काय?"

संजीवनी वही घेऊन उठलीच.

वाडीवर रोज संध्याकाळी शेळ्या मोजून आत घेतात. काट्यांच्या कुंपणाला एक अरुंद दार असतं. त्यातून एका वेळी एकच शेळी शिरू शकते. चिमाबाई दारात काठी आडवी धरून उभी राहते, एक शेळी सोडते, नाव घेते, मग दुसरी. त्या संध्याकाळी संजीवनी तिच्या शेजारी वही घेऊन उभी राहिली, आणि एकेचाळीस शेळ्यांचं इंग्रजी बारसं झालं.

कोणाला काय नाव द्यायचं यावर मायलेकींची चांगलीच जुंपली.

"ही तांबी. कधी सरळ आत जात नाय, पाय रोवून उभी ऱ्हाते."

"रिफ्यूज! रिफ्यूज म्हणजे नाय म्हणणं."

"बरोबर. आन् ही मोरीची पाट? दार उघडायच्या आधीच दारात हजर. कायम सगळ्यांच्या आधी."

"बिफोर. बिफोर म्हणजे आधी."

"बिफोर," चिमाबाईने म्हणून बघितलं. मोरीच्या त्या तरण्या लेकीने कान हलवला. "बग, तिला पटलं."

लंगडणारी कबरी झाली इन्जर. रानात भरकटणारी झाली वॉन्डर. ज्या शेळीला दोन करडं होती तिला क्रियापद मिळालं, कारण मॅडम म्हणायच्या, क्रियापदाची तीन रूपं पाठ हवीत. काजळी आणि तिची दोन करडं झाली बिगिन, बिगॅन, बिगन. एक धष्टपुष्ट बांडी शेळी होती. सुगीत कापल्या नाचणीवर पहिली ती तुटून पडायची. ती हार्वेस्ट.

आठवडाभरात वाडीला करमणूक झाली. शेजारचा कोंडाजी त्याच वेळी आपल्या शेळ्या कोंडून पानाची चंची सोडत येऊन बसू लागला. दारातून शेळी शिरली की संजीवनी शब्द म्हणायची, अर्थ सांगायची, एक वाक्य करायची, आणि मगच काठी उचलली जायची. अडली तर शेळीही अडायची. मागच्या शेळ्या ओरडून गोंधळ घालायच्या.

"आवर गो लवकर," कोंडाजी हसायचा, "त्या प्रॉमिसला तान्ह्याला पाजायचं हाय."

पंधरा दिवसांत संजीवनी एकेचाळीस शब्द एका दमात म्हणू लागली. चिमाबाईला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी लेक शाळेतून कधी येते, याची वाट बघत ती उतारावर अर्ध्यात जाऊन थांबली.

लेक आली ती रडून डोळे सुजवून.

"तुझ्या शेरडांनी घात केला, आये."

झालं होतं असं. जादा तासाला मॅडमनी सहज विचारलं, हार्वेस्ट म्हणजे काय? संजीवनीला माहीत होतं. पण अर्थ आठवेना. ती पुटपुटत पहिल्या शेळीपासून सुरू झाली. बिफोर आत गेली, मग काजळी, मग काजळीची करडं, मग इन्जर... हार्वेस्ट एकोणतिसावी. तिथपर्यंत पोचेस्तोवर मॅडमनी दुसऱ्या मुलीला विचारलं होतं. शेळ्यांच्या बारशाची गोष्ट तोवर वर्गभर झाली होती. मागच्या बाकावरून हर्षद ओरडला, "मॅडम, थांबा, तिची शेरडं अजून घाटात हायत!" सगळा वर्ग हसला.

"आपली शेरडं रोज एकाच ओळीनं आत येतात," संजीवनी म्हणाली. "मला शब्द नाय आले. ओळ आली. ओळ मोडली की सगळं गेलं. परीक्षेला वीस दिवस उरलेत."

चिमाबाई दगडावर टेकली. समोरच्या उतारावर शेळ्या पसरल्या होत्या. उन्हाने वाळलेल्या गवतात नुसते ठिपके. तिचं लक्ष त्यांच्याकडे होतं आणि नव्हतंही. चूक लेकीची नव्हती, तिची स्वतःची होती. आयुष्यभर आपण शेळ्या ओळखतो, पण लेकीला शिकवताना दारात उभं केलं. दारात काय, कोणीही मोजेल.

"संजे," ती एकदम उठून म्हणाली, "ते पल्याडचं ऐनाचं झाड दिसतं? त्याच्या बुडाशी कोन हाय?"

"एवढ्या लांबनं? कोण जाणे."

"इन्जर. पुढचा उजवा पाय उचलून चरते. आन् कारवीच्या झुडपात नुसती शेपटी हलते ती?"

संजीवनीने डोळे बारीक केले. "रिफ्यूज?"

"कशावरनं?"

"बाकीच्या खाली निघाल्या, ही उलटी वर चाललीय."

"मग आली की ओळखाया!" चिमाबाईचा आवाज चढला. "मला शेरडू दारात ओळखाया लागत नाय गो. पाठमोरं, धुक्यात, दुसऱ्याच्या कळपात शिरलेलं ओळखाया लागतं. तवा ते आपलं. चल, काठी घे."

त्या दिवसापासून दारातली शाळा बंद झाली आणि रानातली सुरू झाली. सकाळी शाळेला निघण्याआधी आणि संध्याकाळी परत आल्यावर चिमाबाई कुठेही बोट दाखवायची, कोणतंही. कधी झुडपातून नुसता आवाज ऐकवायची. कधी दोन शेळ्या एकदम दाखवून म्हणायची, "ह्या दोघींना एका वाक्यात बांध." रिफ्यूज आणि प्रॉमिसला बांधता बांधता संजीवनीला घाम फुटायचा, पण दोघी बांधून व्हायच्या, आणि मग तिचीच तिला गंमत वाटायची. चिमाबाईचे गुडघे बोलत होते. ती त्यांचं ऐकत नव्हती.

मग एक दिवस तिने कोंडाजीला गाठलं. "भावजी, तुमची शेरडं आमच्यात सोडा."

"काय गो वहिनी, माझ्या शेरडांस्नी पन इंग्रजी शिकवतेस काय?"

"शिकवते. फुकाट."

कोंडाजीच्या तेवीस शेळ्यांनाही नावं मिळाली. आपल्याही शेळीला जरा चांगलं नाव मिळावं म्हणून तो हटून बसला, आणि त्याच्या म्हाताऱ्या बोकडाला एन्शंट मिळालं तेव्हा तो नाव सगळ्या वाडीत सांगून आला. दोन कळप एकत्र झाले, रोज वेगळ्या माळावर गेले, आणि संजीवनी त्या चौसष्ट जनावरांच्या गर्दीत वही न घेता हिंडू लागली. शेवटच्या आठवड्यात तर शेळ्याही लागेनात. मॅडमच्या यादीतला कुठलाही नवा शब्द तिला दिसला की ती विचारायची, हा चालतो कसा, कोणाच्या जवळ उभा राहतो. आणि शब्द धरला जायचा.

रायबा हे सगळं लांबून बघायचा आणि मान हलवायचा.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी मायलेकी अंधारात निघाल्या आणि उजाडता खाली पोचल्या. जीपने पोलादपूर. केंद्राच्या फाटकापाशी मुलांची दाटी, कोणी पुस्तकात तोंड खुपसलेलं, कोणी देवाचा अंगारा लावून घेतलेला. वैशाली मॅडमनी संजीवनीच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नकोस. आणि सुरुवातीपासून मोजायचं नाही बरं का."

"नाय मॅडम. आता नाय मोजत."

फाटक बंद झालं. चिमाबाई समोरच्या झाडाखाली पदर पसरून बसली. भाकरी सोडली आणि पुन्हा बांधून ठेवली. आत तीन तास तिची पोर कुठल्या रानात हिंडत असेल, याचा तिला काही अदमास करता येईना. जनावर हरवलं की ती डोंगर पालथा घालते. इथे नुसतं बसायचं होतं. ती मनातल्या मनात एक एक शेळी दारातून सोडू लागली. सगळ्या गेल्या की पुन्हा पहिल्यापासून.

घंटा झाली. मुलं बाहेर पडली, आणि त्यांच्यातून संजीवनी धावत आली. धावत येते म्हणजे बरं की वाईट, हे चिमाबाईला कळेना. ती उठली.

"किती आली?"

"आपली एकवीस आली, आये!" संजीवनीला धाप लागली होती. "कोंडाजीकाकाची सात. एन्शंट पण होता!"

"आन् हार्वेस्ट?"

"पहिल्याच पानावर! भर गर्दीत उभी. मी बघितली आणि लगेच ओळखली."

"आन् बाकीची?" चिमाबाईला जानेवारीतलं सगळं आठवत होतं.

"बाकीची आपली नव्हती. मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं." संजीवनी थांबली, हसली. "पण शेजारी कोण उभं हाय ते बघितलं. मग चालीवरनं कळायला लागलं ना. सगळी नाय. बरीच."

चिमाबाईने तिथेच, भर रस्त्यावर, लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. दोन शिक्षक वळून बघू लागले.

निकाल पुढे मे महिन्यात लागला. इंग्रजीत अठ्ठावन्न गुण मिळाले, आणि जूनमध्ये रायबाने स्वतः ट्रंक खांद्यावर घेऊन लेकीला महाडला पोचवलं. पण करंजमाळावर निकाल पेपरच्याच संध्याकाळी लागला होता.

दोघी वर पोचल्या तेव्हा रायबा शेळ्या आत घेत होता. पाठमोरा, घामाघूम. "ए रिफ्यूज! चल की आत, रिफ्यूज!" मागे दोघी उभ्या आहेत हे कळल्यावर तो खोकला. "काय करनार? दुसऱ्या नावानं ती बगतच नाय."

चिमाबाई घरात गेली. पाटावर चढली. फळीवरची बाटली काढून पदराने पुसली आणि संजीवनीच्या हातात दिली.

"वाच."

संजीवनी बाटली घेऊन दाराच्या उजेडात आली. कागद पिवळा पडला होता, एक कोपरा झुरळांनी खाल्लेला. तिने बोट ठेवलं. घाई केली नाही.

"शेक वेल बिफोर यूज."

"थांब," चिमाबाई म्हणाली. तिने बाटलीचं दुसरं टोक धरलं. "पुन्यांदा म्हन."

"शेक वेल बिफोर यूज."

"बिफोर!" चिमाबाई ओरडली. "बिफोर हाय त्यात! मोरीची पाट! ... आधी. कशाच्या तरी आधी कायतरी करायचं, व्हय ना?"

"पाजायच्या आधी बाटली चांगली हलवायची."

चिमाबाईने मान डोलवली. बाटली हलवली नव्हती. तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं. ती लेकीला खेटून उंबऱ्यावर बसली आणि खालच्या बारीक ओळीवर बोट टेकवलं.

"आन् ही गर्दी कुनाची? हळूहळू सांग. मी बगते, आपलं कोन हाय त्यात."